शनिवारचा सामना आणि विद्यापीठाचे अध्यक्ष

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर प्राचार्य होते. महाविद्यालयाचा संघ हरला की दुसऱ्या दिवशी ते जिमखान्याच्या सेक्रेटरीला बोलावून घेत, आणि संघ जिंकला तरी बोलावून घेत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. म्हणून आजचा विषय मी निवडला: अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंच्या जागी असलेली माणसं, आपल्या विद्यापीठातल्या खेळावर देखरेख कशी ठेवतात, किंवा का ठेवू शकत नाहीत. विषय परका वाटेल. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींची मुलं, पुतण्या, भाचे पर्ड्यूला, ॲरिझोना स्टेटला, पेन स्टेटला शिकत असतील. तिथून ती जे टी-शर्ट पाठवतात त्यावरची चिन्हं संघाची असतात, प्रयोगशाळेची नसतात.

आधी आकारमान सांगतो. ॲन आर्बर या गावात मिशिगन विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान आहे. फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंडाकृती चेंडूचा आणि पायापेक्षा हातानं जास्त खेळला जाणारा. तिथे एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. वानखेडे तीनदा भरेल एवढे. हे मैदान कुठल्या मंडळाचं किंवा कंपनीचं नाही, विद्यापीठाचं आहे, आणि शनिवारी त्यावर उतरणारी मुलं कागदोपत्री विद्यार्थी आहेत. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर शोधायला गेलात तर तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच निघतो. गव्हर्नर त्याच्या आसपासही नसतो. या कोचच्या वर क्रीडा संचालक, त्याच्या वर अध्यक्ष, अध्यक्षांच्या वर विश्वस्त मंडळ. कागदावर सगळं इतकं सरळ आहे.

मार्च २०११ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल कोच जिम ट्रेसल यांनी आपल्या खेळाडूंच्या नियमभंगाची माहिती दडवून ठेवल्याचं उघड झालं. पत्रकारांनी अध्यक्ष गॉर्डन गी यांना विचारलं, कोचला काढायचा विचार तुम्ही केलात का? गी हसून म्हणाले, छे, कोचनं मला काढू नये एवढीच माझी आशा आहे. तीन महिन्यांच्या आत ट्रेसल यांना राजीनामा द्यावा लागला. विनोद म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण हेच गी २००३ साली नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्रमुख होते, आणि तिथे त्यांनी क्रीडा विभागच बरखास्त करून तो विद्यार्थ्यांच्या इतर उपक्रमांच्या खात्यात विलीन केला होता. क्रीडा संचालकाचं पदच गेलं. देशभर चर्चा झाली. मग एकच माणूस नॅशव्हिलमध्ये वाघ आणि ओहायो स्टेटच्या कोलंबसमध्ये शेळी कसा? मला वाटतं, फरक माणसात नव्हता, गुणफलकात होता. व्हँडरबिल्टचा फुटबॉल संघ वर्षानुवर्षं हरत आला होता. ओहायो स्टेटचा जिंकत होता.

गेली शंभर वर्षं तिथे प्रत्येक घोटाळ्यानंतर एकच औषध लिहून दिलं जातं: अध्यक्षांच्या हाती सूत्रं द्या. माझं म्हणणं असं की सूत्रं त्यांच्या हाती बऱ्याचदा होती. या खेळाची सर्वांत मोठी दुकानदारी त्यांच्याच सहीनं वाढली.

सुरुवात बरी झाली होती. १८७३ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मिशिगनच्या संघाशी सामना खेळायला परगावी जायची परवानगी मागितली. अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांनी ती धुडकावली. हवा भरलेली एक पिशवी इकडून तिकडे ढकलण्यासाठी तीस माणसांना चारशे मैल जाऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे चारशे मैल ध्यानात ठेवा. हार्वर्डचे चार्ल्स एलियट तर चाळीस वर्षं अध्यक्ष होते, १८६९ ते १९०९. अमेरिकेतलं उच्च शिक्षण ज्यांनी घडवलं त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. फुटबॉल त्यांना मनापासून नावडत असे आणि आपल्या वार्षिक अहवालांतून ते तसं लिहीतही. पण बंदी काही त्यांना आणता आली नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०३ मध्ये, हार्वर्डचं काँक्रीटचं भव्य स्टेडियम उभं राहिलं. त्याला पैसे दिले १८७९ च्या तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांनी. अध्यक्ष अहवाल लिहीत राहिले, माजी विद्यार्थी चेक लिहीत राहिले.

१८९५ च्या जानेवारीत पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात सात विद्यापीठांच्या अध्यक्षांना बोलावलं. खेळावर अध्यापकांचं नियंत्रण कसं आणायचं, हा विषय होता. त्या बैठकीतून पुढे जी संघटना झाली तीच आजची ‘बिग टेन’. नावात दहा, आणि आता सभासद अठरा. टीव्हीच्या हक्कांतून अफाट पैसा मिळवणाऱ्या दोन सर्वांत श्रीमंत संघटनांपैकी ती एक आहे.

१९०५ साली प्रकरण जिवावर आलं. त्या मोसमात फुटबॉल खेळताना अठरा मुलं मेली, असा हिशेब शिकागोच्या ‘ट्रिब्यून’नं मांडला. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात युनियन कॉलेजचा एक खेळाडू दगावला, तेव्हा त्या विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्क्रॅकन यांनी डिसेंबरमध्ये अनेक महाविद्यालयांची परिषद भरवली. त्यातून जी संस्था निघाली तिचं नाव १९१० मध्ये ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ झालं. एनसीएए. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला मुभा मिळाली, घोळक्यातली धक्काबुक्की कमी झाली. जीव वाचले, हे मोठंच काम. पण सामना पाहायलाही जास्त मजेदार झाला, आणि सुधारणेनंतर गर्दी वाढली.

आता शिकागो. या विषयाला हात घालणाऱ्याला शिकागो विद्यापीठ टाळताच येत नाही. रॉकफेलर यांच्या पैशातून उभं राहिलेलं हे विद्यापीठ १८९२ मध्ये उघडलं. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रूचे पंडित. त्यांनी देशातले उत्तमोत्तम प्राध्यापक जमवले, आणि त्याच झपाट्यात येलचा जुना खेळाडू अमोस अलोन्झो स्टॅग यालाही आणलं. त्याला नुसता कोच केला नाही, प्राध्यापकवर्गात कायमची जागा दिली. तोवर असं कुणी केलं नव्हतं. नव्या विद्यापीठाचं नाव व्हायला हवं, संघ गावोगाव हिंडवायचा आहे, हे हार्पर यांनी स्टॅगना स्पष्ट कळवलं होतं. म्हणजे बाजार बाहेरून घुसला नव्हता. हिब्रू शिकवणाऱ्या अध्यक्षानं त्याला पाट मांडून बसवलं होतं. स्टॅग तिथे १९३२ पर्यंत राहिले आणि त्यांचा संघ देशातल्या बड्या संघांत गणला जाई.

१९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स अध्यक्ष झाले तेव्हा ते तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, शेअर बाजार कोसळत असताना, कार्नेगी फाउंडेशनचा महाविद्यालयीन खेळांवरचा जाडजूड अहवाल आला. शंभराहून जास्त संस्थांना भेटी देऊन तो लिहिला होता. खेळाडूंची पळवापळवी, लपवून दिलेले पैसे, सगळं त्यात होतं, आणि ही घाण उपसू शकेल असा माणूस कोण, तर महाविद्यालयाचा अध्यक्ष, असा त्याचा निर्वाळा होता. वाचला गेला, वाखाणला गेला आणि कपाटात गेला. हचिन्सनी मात्र आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. सत्तरी गाठलेल्या स्टॅगना त्यांनी निवृत्त केलं. (स्टॅगही हटले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन शिकवत राहिले आणि १०२ वर्षं जगले.) अभ्यास कडक झाला, खेळाडूंना सवलती नाहीत. १९३५ मध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन पारितोषिकाचा पहिला मानकरी जे बरवँगर शिकागोचाच होता, पण त्याच्यानंतर उतरण लागली. १९३९ चा मोसम भीषण गेला. हार्वर्डनं ६१-०, ओहायो स्टेटनं ६१-०, मिशिगननं ८५-०. डिसेंबरमध्ये विश्वस्तांनी हचिन्स यांचं म्हणणं मान्य करून फुटबॉल बंद केला.

शिकागोच्या फुटबॉल मैदानाच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली रॅकेटचं एक कोर्ट होतं. तिथे २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळीप्रक्रिया घडवून आणली. ही गोष्ट हचिन्सच्या भक्तांना फार आवडते: फुटबॉल गेला आणि विज्ञान आलं! मला ती जरा जास्तच सोयीची वाटते. फर्मींना रिकामी जागा हवी होती आणि ती मिळाली, इतकंच.

हचिन्सना मी मानतो. पण त्यांच्या धाडसाची वेळ पाहा. दहा वर्षं त्यांनी वाट पाहिली आणि संघ ८५-० नं हरल्यावर घाव घातला. जिंकणाऱ्या संघाला हात लावायचं धाडस त्यांनी केलं असतं का, हे कळायला मार्ग नाही. एवढं खरं की बिग टेनमधल्या दुसऱ्या एकाही विद्यापीठानं त्यांचा कित्ता गिरवला नाही. शिकागोनं १९४६ मध्ये ती संघटनाही सोडली. १९६९ मध्ये तिथे फुटबॉल परत आला, पण छोट्या प्रमाणावर, खेळाच्या नावावर शिष्यवृत्ती न देता. तो आजही चालतो आणि त्यावर कुणी व्याख्यान देत नाही.

एकट्याला जे जमत नाही ते आठ जणांना जमतं, याचं एक उदाहरण आहे. १९४५ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि त्यांच्या पाच शेजाऱ्यांच्या अध्यक्षांनी करार केला की फुटबॉल खेळतो म्हणून कुणाला शिष्यवृत्ती द्यायची नाही. १९५४ मध्ये तो सगळ्या खेळांना लागू झाला. आयव्ही लीग म्हणतात ती हीच. शेजारचाही शस्त्र खाली ठेवतोय हे दिसलं म्हणून प्रत्येकानं ठेवलं. अर्थात त्यांच्याकडे दुसऱ्या वाटेनं येणारा पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही भरपूर होती, हे विसरून चालणार नाही. मिसिसिपी किंवा अलाबामाच्या अध्यक्षाला हा करार दाखवला तर तो काय म्हणेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१९८० चं दशक या सगळ्याचं मर्म दाखवतं, आणि त्यातही जॉर्जिया विद्यापीठ. तिथे जॅन केम्प नावाच्या इंग्रजीच्या अध्यापिका कच्च्या विद्यार्थ्यांच्या वर्गांचं काम पाहत. नापास झालेले नऊ फुटबॉलपटू वरच्या वर्गात ढकलले गेले आणि १९८२ च्या नववर्षदिनी शुगर बोलचा सामना खेळले. केम्पबाईंनी विरोध केला, त्यांची नोकरी गेली, त्यांनी खटला भरला. या खेळाडूला विद्यापीठाचा विद्यार्थी नाही करता आलं तरी लिहायवाचायला शिकवून कचरा उचलण्याऐवजी टपालखात्यात नोकरी करण्याइतका तयार करू, अशा अर्थाचा युक्तिवाद विद्यापीठाच्या वकिलानं भर न्यायालयात केला. १९८६ मध्ये ज्यूरीनं केम्पबाईंना २५ लाख ८० हजार डॉलर देववले (ती रक्कम पुढे कमी झाली), आणि अध्यक्ष फ्रेड डेव्हिसन यांनी राजीनामा दिला.

हे चालू होतं त्याच काळात जॉर्जिया आणि ओक्लाहोमा एनसीएएविरुद्ध दुसराच एक खटला लढत होते. कुठला सामना टीव्हीवर दाखवायचा हे तोवर एनसीएए ठरवत असे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट तरुणपणी स्वतः देशातले नामवंत फुटबॉलपटू होते. पैशाच्या मागे लागून विद्यापीठं आपला शिक्षणाचा हेतू विसरतील, ही त्यांची काळजी होती. त्या निकालानंतर टीव्हीचा पैसा ज्यानं त्यानं आपापल्या झोळीत घ्यायचा झाला. म्हणजे एका न्यायालयात जॉर्जिया विद्यापीठ खेळाडूंना अक्षरओळख देण्याची भाषा करतं, आणि दुसऱ्यात त्याच खेळाडूंचे सामने विकण्याचा हक्क मिळवतं.

डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात. १९८७ मध्ये एनसीएएनं तिथला फुटबॉलचा सबंध मोसम रद्द केला. अध्यक्ष आधीच पायउतार झाले होते. मग टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं की विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख असताना, आधी शब्द दिलेल्या खेळाडूंचे पैसे चालू ठेवायला त्यांनीच संमती दिली होती. अध्यक्षानं खाली देखरेख ठेवायची म्हटलं तरी वरून कोण काय ठरवतंय, याचा पत्ता त्याला असेलच असं नाही.

या घोटाळ्यांनंतर १९८९ मध्ये नाइट आयोग नेमला गेला. त्याचे सहअध्यक्ष होते नोत्र दामचे माजी अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग आणि उत्तर कॅरोलिना विद्यापीठव्यवस्थेचे माजी अध्यक्ष विल्यम फ्रायडे. १९९१ च्या अहवालाचं सूत्र ‘एक अधिक तीन’ असं होतं. एक म्हणजे अध्यक्षांचं नियंत्रण. ते वळवायचं तीन गोष्टींकडे: अभ्यासातली सचोटी, पैशातली सचोटी आणि बाहेरच्यांकडून तपासणी. या वेळी अहवाल कपाटात गेला नाही. १९९६ मध्ये एनसीएएची घटनाच बदलली आणि कारभार खरोखर अध्यक्षांच्या मंडळाकडे आला. साठ-सत्तर वर्षं मागितलेली गोष्ट मिळाली.

आणि मग काय झालं? कोचचे पगार लाखांतून कोटींत गेले. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं कोच जिंबो फिशर यांना मुदतीआधी काढलं, तेव्हा कराराप्रमाणे त्यांना सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणं लागत होतं. काम न करण्याचे. कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं, तर इथे कुंपण शेताच्या उत्पन्नात भागीदार होतं. संघ जिंकला की प्रवेशाचे अर्ज वाढतात, देणगीदार प्रेक्षागारातल्या खास कक्षात भेटतात, आमदार खूश असतात. अध्यक्षाची बरीचशी नोकरी पैसे उभे करण्याची असते, आणि ते शनिवारी दुपारी सर्वांत सहज उभे राहतात. त्याच्याकडून आपण अपेक्षा करतो की सोमवारी सकाळी त्यानं त्याच खात्याची झडती घ्यावी.

विल्यम फ्रायडे यांच्याबद्दल थोडं जास्त बोलतो. या सबंध इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो त्यांचा. १९६१ मध्ये सट्टेबाजांनी बास्केटबॉलचे खेळाडू फोडल्याचं उघड झालं तेव्हा त्यांनी रॉलीची ‘डिक्सी क्लासिक’ ही लोकांची अतिशय लाडकी स्पर्धा एका फटक्यात बंद केली. जिंकणाऱ्या संघांची, भरलेल्या सभागृहांची स्पर्धा. ती परत कधी सुरू झाली नाही. निवृत्तीनंतरही ते याच कामाला वाहून घेतल्यासारखे राहिले.

आणि त्यांच्याच व्यवस्थेतल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं आफ्रिकी आणि कृष्णवर्णीय अमेरिकी अभ्यासाच्या विभागात असे वर्ग चालले जे कधी भरतच नव्हते. विद्यार्थ्यानं एक निबंध द्यायचा, आणि त्याला गुण देणार विभागाच्या कार्यालयातल्या एक प्रशासक बाई, ज्या प्राध्यापक नव्हत्याच. तीन हजार एकशेहून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. २००९ मध्ये त्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा खेळाडूंच्या अभ्यासाकडे पाहणाऱ्या सल्लागारांनी फुटबॉलच्या कोचमंडळींना पडद्यावर स्लाइड दाखवून सांगितलं की हे वर्ग आता मिळणार नाहीत. म्हणजे कोचला माहीत, सल्लागारांना माहीत. चॅन्सेलरच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या कार्यालयाला, चौकशी अहवालाप्रमाणे, याचा पत्ता नव्हता. फ्रायडे ऑक्टोबर २०१२ मध्ये वारले. प्रकरण तेव्हा वर्तमानपत्रांत उलगडत होतं. सविस्तर अहवाल २०१४ मध्ये आला, आणि २०१७ मध्ये एनसीएएनं निकाल दिला की हे वर्ग खेळाडूंखेरीज इतरांनाही खुले असल्यानं आमच्या नियमांत शिक्षा बसत नाही.

चॅपल हिलचे तेव्हाचे चॅन्सेलर होल्डन थॉर्प रसायनशास्त्रज्ञ. या प्रकरणात त्यांचं पद गेलं. जाताना, २०१३ मध्ये, एका चर्चेत ते म्हणाले की क्रीडाविभागाची जबाबदारी अध्यक्षांकडून काढून क्रीडा संचालकांकडेच द्यावी, त्यांना त्यातलं कळतं. फ्रायडे यांच्या उभ्या आयुष्याच्या विरुद्ध टोकाचं हे म्हणणं, आणि तेही फ्रायडे यांच्याच आवारातून. लोक रागावले. मला ते त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक विधान वाटतं, पटत नसलं तरी. पटत नाही, कारण चॅपल हिलचं बिंग फुटायला खेळातलं काही कळायची गरज नव्हती. एकाच विभागात दर सत्रात एवढे ‘स्वतंत्र अभ्यास’ कसे, गुणपत्रकावर सह्या कुणाच्या, हा कुलसचिवांच्या कार्यालयातला प्रश्न होता. तो विचारायला रसायनशास्त्र पुरेसं होतं.

देखरेखीचं खरं काम मला असल्या कंटाळवाण्या जागी दिसतं. खेळाडूंच्या अभ्यासाचे सल्लागार कुणाच्या हाताखाली आहेत, क्रीडा संचालकाच्या की अधिष्ठात्यांच्या? गुडघा दुखावलेला मुलगा शनिवारी खेळू शकेल की नाही हे सांगणाऱ्या डॉक्टरचा पगार कोण ठरवतं? मिशिगन स्टेटच्या लॅरी नासर या डॉक्टरनं वर्षानुवर्षं खेळाडू मुलींवर अत्याचार केले. त्याच्याविरुद्ध तक्रारी झाल्या आणि मागच्या मागे विरल्या. २०१८ च्या जानेवारीत अध्यक्षा लू ॲना सायमन यांना जावं लागलं, आणि विद्यापीठानं पीडितांसाठी ५० कोटी डॉलरची तडजोड केली. पेन स्टेटमध्ये फुटबॉलच्या माजी सहायक कोचनं लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०११ मध्ये अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि कोच जो पॅटर्नो एकाच दिवशी गेले. पुढे स्पॅनियर यांना मुलांच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष केल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. त्याआधी २००४ मध्ये स्पॅनियर आणि क्रीडा संचालक पॅटर्नोंच्या घरी जाऊन निवृत्तीचं सुचवून आले होते. पॅटर्नो नाही म्हणाले. विषय तिथेच संपला.

जे अध्यक्ष कोचपुढे हटले नाहीत त्यांना किंमत मोजावी लागली. इंडियाना विद्यापीठाचे माइल्स ब्रँड तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिलेले, पण खेळाडूंवर हात टाकणारे कोच बॉब नाइट यांना त्यांनी सप्टेंबर २००० मध्ये काढलं. हजारो विद्यार्थी अध्यक्षांच्या घरावर चालून गेले, पुतळे जाळले. हेच ब्रँड नंतर एनसीएएचे प्रमुख झाले आणि खेळाडू अभ्यासात मागे पडले तर संघाचे अभ्यासातल्या प्रगतीचे गुण कापायची पद्धत त्यांच्या काळात आली. हेतू चांगला. पण गुण कापले जाऊ नयेत म्हणून सल्लागारांवर किती दाब आला असेल, आणि न भरणारे वर्ग त्या दाबाखाली किती सोयीचे ठरले असतील, याचाही विचार करावासा वाटतो.

आपल्याकडे चित्र बरोबर उलटं. इथे कुलगुरूंना खेळाकडे बघायला फुरसत नाही आणि महाविद्यालयाचं मैदान लग्नाला भाड्यानं देतात. तेव्हा अमेरिकेला नावं ठेवताना जरा जपून. आणि एक भारतीय नावही या गोष्टीत आहे. ह्यूस्टन विद्यापीठाच्या अध्यक्षा रेणू खटोड उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादच्या. २००८ पासून त्या पदावर आहेत, नवं स्टेडियम त्यांच्या काळात झालं, विद्यापीठ मोठ्या संघटनेत शिरलं. आमच्याकडे जिंकणं म्हणजे दहा विजय, आठ विजय आणि चार पराभव झाले तर कोचला घरी पाठवू, असं त्या एका समारंभात म्हणाल्या होत्या. २०१८ च्या अखेरीस आठ विजय आणि पाच पराभवांनंतर कोचची नोकरी गेली. संघ शेवटचा सामना ७०-१४ नं हरला होता. त्यांनी सूत्रं हातात घेतलेली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. अध्यक्षांचं नियंत्रण हे शब्द वापरताना आयोगांच्या मनात हे होतं का, हा वेगळा प्रश्न.

आता २०२१ पासूनची वर्षं. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य अशा मतांनी एनसीएएला बजावलं की शिक्षणाशी संबंधित लाभांवर मर्यादा घालता येणार नाहीत. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची, १९१५ पासूनची संघटना टीव्हीच्या पैशावरून फुटली. स्टॅनफर्ड आणि बर्कली कुठे गेले? अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत. आता बर्कलीच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली बॉस्टनला सामना खेळायला अडीच हजार मैलांहून जास्त उडत जातात. कॉर्नेलच्या व्हाइटसाहेबांना चारशे मैल जास्त वाटले होते. हे निर्णय कोचनं घेतले नाहीत, अध्यक्षांच्या मतांनी झाले.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची. शिवाय आधीच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई. आयव्ही लीगच्या आठ अध्यक्षांनी यात पडायचं नाही असं जानेवारीतच जाहीर केलं. बाकीच्यांसमोर प्रश्न वाटणीचा आहे. बहुतेक मोठी विद्यापीठं सिंहाचा वाटा फुटबॉलला देत आहेत. जलतरण, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, ज्यांतून अमेरिकेचे ऑलिंपिक खेळाडू तयार होतात, त्यांच्या वाट्याला किती उरणार? मुलींना समान संधी देणारा १९७२ चा कायदा, टायटल नाइन, या पैशाला लागू होतो का? जानेवारी २०२५ मध्ये सरकारच्या शिक्षण खात्यानं सांगितलं, होतो. सरकार बदललं आणि फेब्रुवारीत त्यानंच ते मार्गदर्शन मागे घेतलं. न्यायालयांचं उत्तर यायला वर्षं लागतील. तोवर कुठल्या संघाला किती द्यायचं आणि कुठला संघ बंद करायचा, या कागदावर सही अध्यक्षांचीच लागणार आहे. या वेळी कोच किंवा माजी विद्यार्थ्यांकडे बोट दाखवायला जागा फारशी नाही.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवायचा आहे, म्हणून इथे थांबतो.